पन्नास हजारांतला उजेड

संक्रांतीला वेल्ह्यात थोरल्या भावाकडे गेलो होतो. भात विकून आलेल्या पैशांतले पन्नास हजार रुपये दादाने वेगळे काढून ठेवले होते आणि त्यांवरून घरात चार दिवस बोलणे चालले होते. पैसे कशासाठी, हे ठरलेलेच होते. माझी पुतणी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिले वर्ष तिने कॉलेजची प्रयोगशाळा आणि हातातला मोबाइल यांवर कसेबसे काढले, आता तिला लॅपटॉप घ्यायचा होता. वाद होता तो पडद्याचा. पुतणीला ओएलईडी पडद्याचा लॅपटॉप हवा होता आणि तो पन्नास हजारांच्या आसपास मिळतो, हे तिने शोधून काढले होते. दादाचे म्हणणे, ज्याचे नावसुद्धा नीट घेता येत नाही अशा वस्तूत एवढे पैसे घालू नयेत. ‘भाऊजी, पडद्यात एवढं काय असतं हो?’ वहिनींनी तिळगूळ हातावर ठेवता ठेवता विचारले आणि निवाड्याचे काम माझ्याकडे आले.

मी काही संगणकाच्या धंद्यातला माणूस नाही. बरीच वर्षे वापरतो आणि नातेवाइकांच्या खरेदीत फुकटचा सल्ला देतो, एवढाच माझा अधिकार. पण हा हिशेब मांडायला बसलो आणि तो दादाच्या ओटीवरून निघून सरकारच्या करांपर्यंत, तिथून कोरियातल्या कारखान्यांपर्यंत गेला. घरोघरी सध्या असेच हिशेब चालू असतील, म्हणून तो इथे मांडतो आहे.

आधी रकमेविषयी. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताला क्विंटलमागे २,३६९ रुपये हमीभाव ठरवला. त्या दराने पन्नास हजार रुपये म्हणजे एकवीस क्विंटल भात झाले. इंद्रायणीला बाजारात त्याहून बरा भाव मिळतो, हे खरे. तरी पावसाळाभर चिखलात उभे राहून पिकवलेल्या मालाचाच तो पैसा. यात चूक झाली तर पुढच्या वर्षी दुसरा घेऊ, अशी सोय या घरात नाही. हा लॅपटॉप तिला पदवी होईपर्यंत, आणि बहुधा पहिली नोकरी लागेपर्यंत, पुरवायचा आहे.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे वळू. नेहमीच्या लॅपटॉपचा पडदा एलसीडी जातीचा असतो. त्याच्या मागे एक पांढरा दिवा सतत जळत असतो आणि पुढचे द्रवस्फटिक खिडकीच्या झडपांसारखे उघडझाप करून तो उजेड कमीजास्त अडवतात. झडप कितीही घट्ट लावली तरी थोडा उजेड झिरपतोच. म्हणून अंधाऱ्या खोलीत अशा पडद्यावरचा काळा रंग राखाडी दिसतो. (दुकानात ‘आयपीएस’ म्हणून जो पडदा सांगतात, तो या एलसीडीचाच सुधारलेला प्रकार.) ओएलईडीत मागचा दिवाच नसतो. सेंद्रिय रसायनांच्या अतिशय पातळ थरांना वीज दिली की ते स्वतः उजळतात. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्वतंत्र इवलासा दिवा. काळे दाखवायचे असेल तिथे तो दिवा चक्क विझतो. त्यामुळे काळा खरोखर काळा दिसतो आणि त्याच्या शेजारचा रंग उठून दिसतो.

ही युक्ती नवी नाही. चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या कोडॅक कंपनीतल्या दोघा संशोधकांनी ती १९८७ साली जगापुढे मांडली. पुढे वीस वर्षांनी, २००७ मध्ये, सोनीने जपानमध्ये पहिला ओएलईडी दूरचित्रवाणी संच विकायला काढला, तेव्हा त्याचा पडदा ११ इंची होता आणि किंमत दोन लाख येन. आपल्याकडे आसुस कंपनीने २०२१ साली विवोबुक के१५ हा ओएलईडी लॅपटॉप ४७ हजारांच्या आसपासच्या सुरुवातीच्या किमतीत आणला, तेव्हापासून ही चीज मध्यमवर्गाच्या टप्प्यात आली. खरे तर ती त्याआधीच आपल्या खिशात आली होती. पंधरा-वीस हजारांच्या मोबाइलवर ‘अमोलेड’ असे लिहिलेले असते, तो हाच पडदा.

आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख तिथे आहे. मुलीच्या हातातल्या फोनचा पडदा उत्तम असतो. ती दुकानात जाते, तिथे तिला पन्नास हजारांचा लॅपटॉप दाखवतात, आणि त्याचा पडदा तिच्या फोनपुढे धुतलेल्या साडीसारखा फिका दिसतो. हा भास नसतो. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. रंगीत दूरचित्रवाणीसाठी अमेरिकेत १९५३ साली रंगांची जी व्याप्ती ठरली, तिच्या निम्मीसुद्धा हा पडदा दाखवू शकत नाही, असा त्याचा अर्थ. उजेडही बेताचाच, बहुधा २५० निट. ओएलईडीवाले मात्र आजच्या चित्रपटगृहांसाठी ठरवलेली रंगव्याप्ती शंभर टक्के दाखवू, असे सांगतात, आणि बहुतेक ते खरे असते.

माझे पहिले उत्तर तयार होते. मी म्हणालो, ‘अगं, प्रोग्रॅम लिहायला कशाला हवा असला भारी पडदा? गावात कोण बघणार आहे?’ पुतणी शांतपणे म्हणाली, ‘काका, बघणार मीच आहे. लेक्चर त्यावर, पुस्तकं त्यावर, प्रॅक्टिकल त्यावर. दिवसाचे सहा तास.’ मी गप्प झालो. पुण्यातल्या माझ्या मुलाने हाच पडदा मागितला असता, तर ‘शहरात कोण बघणार आहे’ असे मी म्हटले नसते. खेड्यातल्या विद्यार्थ्याला चालते तेवढे पुरे, ही समजूत आपल्यात किती खोल बसली आहे, ते अशा वेळी कळते.

याउलट विचार करणारेही काही लोक झाले, आणि त्यांचा प्रयोग सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर, रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाडीच्या एकशिक्षकी शाळेत झाला होता. निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ साली ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ ही कल्पना मांडली. आपल्या केंद्रीय शिक्षण खात्याने २००६ मध्ये ती नाकारली. तरीही २००७ साली त्या शाळेतल्या वीस-बावीस पोरांच्या हाती ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. शंभर डॉलरचे गणित काही जमले नाही, किंमत दोनशेच्या घरात गेली आणि ती चळवळही पुढे विरली. पण त्या यंत्राचा पडदा विलक्षण होता. मेरी लू जेप्सन यांनी तो मुद्दाम उघड्यावर बसणाऱ्या आणि विजेची शाश्वती नसलेल्या मुलांसाठी घडवला होता. घरात मागचा दिवा लावून रंगीत दिसायचा, आणि अंगणात उन्हात नेला की दिवा बंद करूनही छापील कागदासारखा काळा-पांढरा वाचता यायचा. वीज खायचा अगदी नाममात्र. म्हणजे स्वस्त लॅपटॉपच्या पडद्याचा विचार करताना तो कुठे उघडला जाणार, हा प्रश्न एकदा तरी कोणी पहिल्यांदा विचारला होता. तो पडदा पुढे सर्वसामान्य बाजारात रुळला नाही, याची मला हळहळ वाटते.

तर तोच प्रश्न वेल्ह्यापुरता विचारू. (तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये घेतला, तोंडात अजून वेल्हेच येते.) तोरण्याच्या पायथ्याचे हे गाव. दादाच्या घराची ओटी पूर्वेला उघडी. पुतणी सकाळी ओटीवर बसून अभ्यास करते, कारण आत उजेड कमी. ओएलईडी पडदा बहुतेक वेळा आरशासारखा चकचकीत असतो. ओटीवर बसले की समोरचे आभाळ, गोठा आणि स्वतःचे तोंड त्यात आधी दिसणार, अभ्यास नंतर. साध्या एलसीडीचा पडदा फिका खरा, पण बहुधा खरबरीत, प्रतिबिंब न पाडणारा असतो. रात्री आणि बंद खोलीत ओएलईडीला तोड नाही. दिवसा ओटीवर त्याची बाजू पडते.

दुसरी गोष्ट विजेची. भाटघर, पानशेत, वरसगाव या धरणांच्या पायथ्याशी वीज तयार होते. पण पावसाळ्यात झाड तारेवर पडले की आसपासच्या वाड्या रात्र रात्र अंधारात असतात. तेव्हा बॅटरी किती वेळ टिकते, याला इथे मोल आहे. स्वस्त लॅपटॉपात ४२ वॅट-तासांची बॅटरी सर्रास दिसते. यंत्राने सरासरी दहा वॅट खाल्ले तर चार तास, असा सरळ भागाकार. ओएलईडीची गंमत अशी, की पडद्यावर जितके काळे तितकी वीज वाचते आणि जितके पांढरे तितकी जास्त जाते. सिनेमातल्या रात्रीच्या प्रसंगात तो काटकसरी असतो. पण विद्यार्थ्याचे सगळे आयुष्य पांढऱ्या पानावर जाते. नोट्स पांढऱ्या, विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका पांढऱ्या, अर्ज पांढरे. प्रोग्रॅम लिहिण्याची खिडकी काळी करता येते, बाकी फार काही हातात नसते.

दादाला दमट हवेची काळजी होती. वेल्ह्याच्या पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे हा नाजूक पडदा टिकेल का? शंका रास्त आहे, कारण ओएलईडीतली रसायने ओलाव्याने खरोखरच मरतात. पण म्हणूनच असा पडदा कारखान्यातच काचेच्या दोन पात्यांमध्ये कडेने हवाबंद केलेला असतो. पावसाची भीती पडद्यापेक्षा कीबोर्डला आणि चार्जरच्या तोंडाला अधिक. ती कुठल्याही लॅपटॉपला सारखीच, आणि रोज एसटीने जाणाऱ्या मुलीच्या दप्तराला तर फारच.

जळक्या खुणांचे तसे नाही. एकच चित्र तासन्‌तास एकाच जागी राहिले, की तिथले दिवे बाकीच्यांपेक्षा लवकर थकतात, निळे तर सगळ्यांत आधी, आणि त्या चित्राची पुसट सावली पडद्यावर कायमची राहू शकते. लॅपटॉपवर खालची पट्टी दिवसभर जागच्या जागीच असते. आताचे पडदे पूर्वीपेक्षा टिकाऊ झाले आहेत. पट्टी लपवून ठेवली, उजेड बेताचा ठेवला, तर चार-पाच वर्षे काढायला हरकत नाही. पण काळजी घ्यावी लागते, हे घेणाऱ्याला आधी माहीत हवे.

डोळ्यांचा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. बरेच ओएलईडी पडदे उजेड कमी करताना खरोखर मंद होत नाहीत. ते सेकंदाला २४०-एक वेळा उघडझाप करतात आणि डोळ्याला ते मंद भासते. बहुसंख्यांना याचे काही वाटत नाही. काहींचे मात्र तासाभरात डोके चढते. कोणाला होईल, हे सांगता येत नाही, तपासून मात्र पाहता येते. दुकानात पडद्याचा उजेड निम्म्यावर आणायचा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून, शटरचा वेग वाढवून किंवा स्लो मोशन लावून, पाहायचे. काळे पट्टे सरकताना दिसले तर उघडझाप आहे असे समजावे. मग त्याच पडद्यावर अर्धा तास बसून काहीतरी वाचावे. दुकानदार कुरकुरतो. कुरकुरू द्यावे.

मधल्या दिवशी आम्ही भोरला गेलो होतो. तिथे माझ्या ओळखीचे एक फोटोग्राफर आहेत. लग्नाचे अल्बम करतात, अलीकडे लग्नाआधीच्या चित्रीकरणाची कामे फार. जोडपी राजवाड्यासमोर आणि भाटघरच्या पाण्याकाठी उभी करतात. त्यांनी दीड वर्षापूर्वी ओएलईडी लॅपटॉप घेतला. कोडॅकचे रोल भरून धंदा सुरू केलेला हा माणूस आता कोडॅकच्याच संशोधकांनी शोधलेल्या पडद्यावर काम करतो, हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांना मोठी मौज वाटली. पडद्यावर ते खूश आहेत. पूर्वी शालूचा गर्द जांभळा आणि काळसर निळा यांतला फरक त्यांना छापून आल्यावर कळायचा, आता बसल्या जागी दिसतो. मात्र पहिल्या दोन-तीन अल्बमांना गिऱ्हाइकांनी नावे ठेवली. लॅपटॉपवर दाखवलेला फोटो झगझगीत होता आणि कागदावर उतरलेला त्याच्यापुढे मिणमिणता. कागदाला तेवढे रंग पेलत नाहीत. आता ते पडद्याच्या सेटिंगमध्ये जाऊन रंग मुद्दाम आवरून घेतात आणि मगच काम करतात. त्यांच्या धंद्याला हा पडदा लागतो आणि त्याची किंमत तो वसूल करून देतो, यात मला शंका वाटली नाही. पुतणीने त्यांच्या पडद्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यावरून आमचा वाद मिटण्याऐवजी वाढणार, हेही दिसले.

निघताना त्यांनी सहज विचारले, ‘रॅम किती घेताय?’ आणि सगळा हिशेब फिरला.

कंपनीला जाहिरातीत ‘ओएलईडी’ हा शब्द हवा असतो आणि किंमत पन्नासच्या आसपास ठेवायची असते. पडदा महाग, मग कुठे तरी हात आखडता घ्यावा लागतो. तो घेतला जातो बॅटरीत आणि स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये. पुतणीने हेरून ठेवलेल्या लॅपटॉपात रॅम ८ जीबी होती आणि ती बोर्डावरच सोल्डर केलेली होती. पुढे वाढवायची म्हटली तरी वाढणार नाही. विंडोज ११ सुरू होऊन स्थिरावली की आठातले जवळजवळ निम्मे तिनेच खाल्लेले असतात. उरलेल्यात ब्राउझरच्या दहा खिडक्या, प्रोग्रॅमचे अवजार आणि एखादा व्हिडिओ बसवायचा. आज चालेल. चौथ्या वर्षी मोठा प्रोजेक्ट अंगावर आला की तो सुंदर पडदा गोल फिरणारे चक्र दाखवत बसेल.

यात भर पडली आहे ती स्मृतीच्या महागाईची. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय संगणककेंद्रांनी त्यांचा माल उचलायला सुरुवात केली आणि भाव भडकले. डिसेंबरात तर मायक्रॉनने आपल्यासारख्या किरकोळ ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ हा ब्रँडच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. अमेरिकेतली यंत्रे निबंध लिहायला शिकताहेत आणि त्याची झळ वेल्ह्याच्या मुलीच्या दप्तराला लागते आहे. पडद्यांचे वारे उलट दिशेचे आहेत. सॅमसंग डिस्प्लेने कोरियात आणि बीओईने चीनमधल्या चेंगडूत खास लॅपटॉप-टॅब्लेटच्या ओएलईडीसाठी मोठे कारखाने उभारण्याचे २०२३ सालीच जाहीर केले. ते पूर्ण भराने चालू लागले की हे पडदे स्वस्त होतील, असा माझा अंदाज आहे. थोडक्यात, आज महाग होत चाललेली वस्तू कमी घ्यायची आणि उद्या स्वस्त होणारी आज घ्यायची, असा हा सौदा होता.

जाता जाता आपल्या जिल्ह्याचीही एक आठवण. वेदान्त आणि फॉक्सकॉन यांचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावला येणार अशी चर्चा होती, तो २०२२ च्या सप्टेंबरात गुजरातकडे गेला आणि केवढे राजकारण पेटले. त्या रकमेतला मोठा वाटा चिपचा नव्हता, पडद्यांच्या कारखान्याचा होता, हे त्या गदारोळात फारसे कोणी बोलले नाही. २०२३ च्या जुलैत फॉक्सकॉननेच अंग काढून घेतले आणि तो पडदा ना तळेगावात बनला ना गुजरातेत. त्याच वर्षी ३ ऑगस्टला केंद्राने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी ते पुढे ढकलले. अनुदानासाठी १७ हजार कोटींची योजनाही आखली. लॅपटॉप आपल्याकडे जोडले जातात, पडदा बाहेरूनच येतो.

सरकारचा विषय निघालाच आहे तर एक हिशेब सांगितल्याशिवाय राहवत नाही. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी व परीक्षा फी पूर्ण माफ केली. पुतणी त्या पहिल्याच तुकडीतली. ही फार मोठी गोष्ट झाली. ती नसती तर ती आज इंजिनिअरिंगला नसती, हे दादा कोणालाही सांगतो. पण फीमाफीत लॅपटॉप येत नाही. तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना फुकट लॅपटॉप वाटले, त्या वाटपावर टीकाही झाली. आपल्याकडे महाज्योतीने प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी टॅब दिले. प्रवेश मिळाल्यानंतरचे अवजार ज्याचे त्याने बघायचे. त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कर घटले तेव्हा मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले, शाळेच्या वह्या शून्यावर आल्या, लॅपटॉप होता तिथेच राहिला. कागदाच्या नोटबुकावर कर नाही आणि विजेच्या नोटबुकावर अठरा टक्के. पन्नास हजारांच्या बिलात ७,६२७ रुपये कराचे असतात. ८ आणि १६ जीबीच्या लॅपटॉपांतला फरक पुण्यात विचारला तर तो जवळपास याच आकड्याच्या आगेमागे निघाला.

जुना, दुरुस्त केलेला लॅपटॉप घ्यावा, असे दादाच्या एका मित्राने सुचवले होते. वीस-बावीस हजारांत मिळतात. पण त्यांतल्या अनेकांचा प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचा असतो, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. ती वाट मी बंद केली.

पुढच्या शनिवारी दादा आणि पुतणी पुण्याला आले. आम्ही चार दुकाने फिरलो. शेवटी तीन लॅपटॉप समोर उरले. ओएलईडी, ८ जीबी, बावन्न हजार. ओएलईडी, १६ जीबी, साडेसाठ हजार. तिसरा साध्या आयपीएस पडद्याचा, १६ जीबी, रॅमची एक खाच मोकळी, बॅटरी ५० वॅट-तासांची, एकावन्न हजार. मधला घ्यावा असे मला मनापासून वाटत होते. वरचे पैसे मी घालतो म्हणालो. दादाने ऐकले नाही. ‘तिच्या लग्नात घाल,’ म्हणाला. ‘लग्नाचं कुठून आलं मध्येच?’ असे पुतणीने विचारले, त्यावर दुकानदारासकट सगळे हसले, पण दादाचा नकार कायम राहिला.

मग राहिले पहिला आणि तिसरा. मी काही बोललो नाही. पुतणीने पेन ड्राइव्हवर आपले कॉलेजचे काम आणले होते. दुकानदाराची परवानगी काढून तिने दोन्ही यंत्रांवर ते चालवले, ब्राउझर उघडला, शेजारी व्हिडिओ लावला आणि मेमरीचा आलेख बघत बसली. ओएलईडीवर व्हिडिओ अप्रतिम दिसत होता आणि आलेख नव्वद टक्क्यांच्या वर जाऊन टेकला होता. उजेड निम्म्यावर आणून तिने मोबाइलमधून पट्टेही पाहिले, दिसत होते. तिचे डोके दुखले नाही, हे तिने प्रामाणिकपणे सांगितले. वीस-एक मिनिटांनी ती म्हणाली, ‘काका, दोन्ही चांगले आहेत. पण हा पुढच्या वर्षी अडेल आणि मग मला याचाच राग यायला लागेल.’ आणि तिसऱ्याकडे बोट दाखवले.

मी अजूनही असे म्हणणार नाही, की ओएलईडी हा श्रीमंतांचा चोचला आहे. १६ जीबी आणि बरी बॅटरी असलेला ओएलईडी बजेटात बसत असेल, घरात ऊन थेट पडद्यावर येत नसेल आणि अर्धा तास बसून डोळे शाबूत राहत असतील, तर जरूर घ्यावा; ज्याला वाचायचे आहे त्याला चांगला पडदा मिळालाच पाहिजे. भोरच्या फोटोग्राफरांना तर मी दुसरे काही सुचवणारच नाही. आठ जीबीवरचा ओएलईडी मात्र विद्यार्थ्याने घेऊ नये, मग दुकानात तो कितीही लखलखत असो. आणि साधा पडदा घेतानासुद्धा ‘४५ टक्के एनटीएससी, २५० निट’ हे मुकाट्याने स्वीकारू नये. आम्ही घेतलेला ३०० निटचा आहे. रंग त्याचेही बेताचेच आहेत, हे कबूल केले पाहिजे.

परवा फोनवर तिने सांगितले, की चार्जर न लावता कॉलेजचा दिवस निघतो, ओटीवर बसून वाचता येते आणि सिनेमा मात्र ती मोबाइलवरच पाहते. रॅमची दुसरी खाच तशीच मोकळी आहे. भाव उतरले की भरायची, असा तिचा विचार आहे. सध्या दर आठवड्याला भाव बघते आणि दादाला सांगते. दादा तिला भाताचा भाव सांगतो.